कोनफळाचं डोकं

नरसिंहराव हुपरीकरांनी चौतीस वर्षांच्या नोकरीत एकाही खोट्या कागदावर सही केली नाही. हे ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना ते स्वतः सांगत, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनाही सांगत. बंगळुरातल्या एका सरकारी कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. समोर आलेला सुटा भाग मापायचा, भिंगाखाली धरायचा आणि केसाएवढी चीर दिसली की लाल शिक्का मारून परत पाठवायचा, हे त्यांचं काम. "हुपरीकरांच्या टेबलावरून देवसुद्धा पास होणार नाही," असं कारखान्यात म्हणत. ते ऐकून यांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

आता माणूस निवृत्त झाला म्हणून त्याचा डोळा निवृत्त होतो थोडाच! मुलाने, अमितने, सर्जापूर रोडवर फ्लॅट घेतला आणि नरसिंहराव व शुभदाताई क्वार्टर सोडून तिकडे राहायला आले. तिथे मापायला काही नाही. मग हे पोळीची जाडी बघायचे, लिफ्ट किती सेकंदांत येते ते बघायचे. "मला एकदा लाल शिक्का मारून माहेरी परत पाठवा, म्हणजे सुटले मी," असं शुभदाताई म्हणायच्या. शेवटी त्यांनीच सुचवलं की खाली जाऊन काहीतरी पेरा. सोसायटीत सांडपाण्याच्या टाकीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून जमिनीची एक पट्टी मोकळी पडली होती. बागेचं सगळं बघणारी संध्या, पुण्याची, बत्तीस-तेहतीस वर्षांची, कायम घाईत असलेली मुलगी. ती म्हणाली, "घ्या ना काका, नो इश्यू!"

फेब्रुवारीत नरसिंहराव एका कंदमुळांच्या प्रदर्शनातून कोनफळ घेऊन आले. पांढऱ्या गराचं, सुधारित वाण, वर छापील चिठ्ठी. एप्रिलच्या अखेरीला त्यांनी स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून अडीचशे-अडीचशे ग्रॅमचे बारा तुकडे केले. प्रत्येक तुकड्याला नंबर दिला आणि फूटपट्टीने अंतर मोजून बारा खड्डे घेतले.

हे सगळं यल्लव्वा बघत होती. यल्लव्वा म्हणजे सोसायटीची माळीण. खानापूर तालुक्यातल्या रानाकडच्या गावची, पन्नाशी उलटलेली. नवऱ्यामागे पंचवीस वर्षांपूर्वी बंगळुराला आली, नवरा गेला, ती राहिली. मराठीत बोलता बोलता कन्नडमध्ये शिरायची आणि परत यायची. नरसिंहरावांना ती अण्णा म्हणे आणि शुभदाताईंना अक्का.

"अण्णा, कापलेल्या अंगाला राख लावा की," ती म्हणाली. "आणि सावलीत स्वल्प सुकू द्या. ओलं पुरलं तर कुजतंय."

"मी औषध लावलंय."

"आणि हे डोकं?" कोनफळाचा वरचा, वेलीकडचा भाग तिने उचलला. "ह्याचे बी तुकडे केलासा?"

"साल असलेला कुठलाही तुकडा उगवतो. मी वाचलंय."

"उगवतंय की. पण डोकं लवकर उगवतंय. आमच्याकडं डोकं खात न्हाईत, कापत न्हाईत. ते बियाचं. आणि ज्यानं बी दिलं, त्याच्या घरी पयलं डोकं परत द्यायचं. आईनं मला दिलं, तसं मी पयल्या साली डोकं आईला परत नेलं. रीत हाय ती."

नरसिंहराव हसले. रीत म्हणे! "मला प्रदर्शनवाल्याला परत द्यायला जावं लागेल मग," असं म्हणून त्यांनी बारा नंबरचा तुकडा पुरला.

इथपर्यंत काही बिघडलं नव्हतं. राख नाही लावली तरी कोनफळ येतं. पण नरसिंहरावांच्या हाताला चौतीस वर्षांची सवय. पहिल्या रविवारी ते खाली गेले, आणि बाराही तुकडे उकरून, कोंब आला का ते बघून, फोटो काढून, पुन्हा पुरून आले. दुसऱ्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी चार तुकड्यांवर तांदळाएवढे कोंब होते, त्यातले दोन उकरताना मोडले. नरसिंहरावांनी वहीत नोंद केली: "किरकोळ इजा." वर रोज झारीभर पाणी. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!

"अण्णा," यल्लव्वा एकदा न राहवून म्हणाली, "कोन पुरलं की इसरायचं. वेल दिसेस्तवर तिकडं बगायचं न्हाई."

"न बघता कळणार कसं?"

"न्हाईच कळत की. गप बसायचं."

गप बसणं नरसिंहरावांच्या नोकरीत नव्हतं. पण जूनमध्ये दैवानेच त्यांना बसवलं. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यात जंतुसंसर्ग झाला, आणि महिनाभर घरात, अंधाऱ्या खोलीत, दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून पडायची वेळ आली. ज्याचं सगळं आयुष्य डोळ्यांवर चाललं, त्याला हे फार लागलं. एक दिवस यल्लव्वा भेटायला आली. पट्टी बांधलेला चेहरा तिच्याकडे वळवून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आले का गं कोंब?"

यल्लव्वाने त्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, "आलेत की, अण्णा. तीन आलेत."

त्या दिवशी कितीतरी दिवसांनी नरसिंहराव दोन पोळ्या जेवले.

जुलैच्या मध्यावर ते खाली गेले तेव्हा भिंतीशी खरोखरच तीन वेल बांबूवर चढत होते. बारातले तीन. हे प्रमाण त्यांनी वहीत लिहिलं आणि कारणंही लिहिली. यल्लव्वा म्हणाली, "आता उकरू नका हं." डोळ्याला धूळ चालत नव्हती म्हणून त्यांनी उकरलं नाही. वेल भिंत ओलांडून वर गेले, पानं तळहाताएवढी झाली. डिसेंबरात पानं पिवळी पडली आणि संक्रांतीपर्यंत वेल वाळून काड्या झाले. म्हणजे खाली कोनफळ तयार. तोवर नरसिंहरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर कोनफळावर सहा लेख टाकले होते. शेवटच्याचं नाव होतं, "बंगळुराच्या हवेत कोनफळ: एक यशस्वी प्रयोग". संध्याने खाली सहा टाळ्या टाकल्या आणि जाहीर केलं की संक्रांतीच्या दिवशी सगळ्यांसमोर काका कोनफळ काढणार, आणि तिथेच गरमागरम भजी!

संक्रांतीला सकाळी हिरवळीवर दीडशे माणूस जमलं होतं. उकडलेल्या शेंगा, ऊस, तीळगूळ, सगळा थाट. नरसिंहरावांनी पांढरा कुडता घातला होता. आदल्या संध्याकाळी यल्लव्वाने बाजूची माती मोकळी करून ठेवली होती, त्यामुळे तिन्ही कंद अलगद निघाले. सगळ्यात मोठा सात किलोंचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आचाऱ्याने मोठा कंद टेबलावर ठेवला आणि नरसिंहरावांच्या हातात सुरी दिली.

"तर हे पांढऱ्या गराचं सुधारित वाण," असं म्हणत त्यांनी मधोमध सुरी घातली. दोन फोडी दोन बाजूंना पडल्या. आत गडद जांभळा गर होता.

कुणीतरी "वॉव" म्हणालं. नरसिंहराव मात्र त्या जांभळ्या फोडीकडे बघत राहिले. ज्या माणसाने केसाएवढी चीर कधी सोडली नाही त्याला हे कळायला किती वेळ लागणार? पांढऱ्याचं जांभळं होत नाही. हे त्यांचं कोनफळ नव्हतं. ते बारा तुकडे कधीच कुजून गेले होते. मान वर केली तर गर्दीच्या मागे यल्लव्वा उभी, आणि ती खाली जमिनीकडे बघत होती. त्यांना सगळं कळलं.

"काका, हे तर पर्पल आहे! तुम्ही तर व्हाइट म्हणाला होतात ना?" संध्याने विचारलं. तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती.

इथे माणूस दोन शब्दांत सुटला असता. "हे माझं नाही," एवढंच म्हणायचं होतं. पण दीडशे माणसं, पांढरा कुडता, सहा लेख! उचलली जीभ लावली टाळ्याला. "मातीचा परिणाम," नरसिंहराव म्हणाले. "इथल्या लाल मातीत लोह भरपूर. ते गरात उतरतं आणि रंग असा येतो. याला निरीक्षण लागतं." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. संध्या म्हणाली, "हे पण ग्रुपवर लिहा हं काका!"

आचाऱ्याने तिन्ही कंद मागे नेले. थोड्या वेळाने भज्यांचा वास सुटला, आणि गर्दीतून वाट काढत यल्लव्वा नरसिंहरावांपाशी आली. तिने पदराखाली काहीतरी धरलं होतं.

"अण्णा," ती हळू म्हणाली, "ती डोकी..."

ही आता सगळ्यांसमोर बोलणार! नरसिंहरावांनी तिला पुढे बोलूच दिलं नाही. पटकन टेबलावरची भज्यांची प्लेट उचलून तिच्या हातात कोंबली आणि मोठ्याने म्हणाले, "ही घे यल्लव्वा, तुझाही वाटा! पाणी तूच घातलंस की!" आजूबाजूचे हसले. यल्लव्वाने प्लेटकडे पाहिलं. मग बरं म्हणावं तशी मान हलवून म्हणाली, "सरी, अण्णा," आणि बाजूला जाऊन उभ्या उभ्या एक भजं खाल्लं.

घरी आल्यावर नरसिंहरावांनी पंखा लावला तरी घाम थांबेना. शुभदाताई तीळगुळाचा डबा आवरत म्हणाल्या, "पांढरं लावलं होतंत ना हो तुम्ही?"

"सांगितलं ना एकदा, माती!"

"मला नका सांगू. मी हुपरीची नसले तरी अलिबागची आहे. पांढऱ्याला पांढरंच येतं."

"तुला काय कळतंय त्यातलं!" ते ओरडले. एवढ्या मोठ्याने की त्यांचं त्यांनाच विचित्र वाटलं. शुभदाताई डबा घेऊन आत गेल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. नरसिंहराव फावडं राहिलंय असं काहीतरी पुटपुटत खाली उतरले.

पट्टीवर तिन्ही खड्डे उघडे पडले होते. भिंतीच्या कडेला फावडं होतं आणि फावड्याशेजारी पावडरचा एक जुना डबा. त्यांनी झाकण काढलं. आत राख होती. चाळलेली, मऊ, चुलीची राख.

यल्लव्वा पदराखाली हे घेऊन उभी होती! डोकी मागायला आली होती ती, कापलेल्या अंगाला राख लावायला. आणि आपण तिच्या हातात काय दिलं? तिचंच बियाणं तळून, तेही वाटा म्हणून, वर चारचौघांत हसून. नरसिंहरावांना तिथल्या तिथे भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ते खोटं बोलले होते याची लाज होतीच. पण तिचं तोंड बंद करायला त्यांनी भजी वापरली, ही त्याहून मोठी होती, आणि ती त्यांची त्यांनाच ठाऊक होती.

मग एकदम त्यांच्या डोक्यात आलं की आचारी कंदाचं डोकं भज्यांत घालत नाही. ते राठ असतं, कापून टाकतात. टाकलं कुठे? ओल्या कचऱ्यात! आणि ओला कचरा चार वाजता सोसायटीच्या खतयंत्रात जातो, बारीक तुकडे होऊन. पावणेचार वाजले होते.

एकाहत्तर वर्षांचा माणूस पांढऱ्या कुडत्यात धावत निघाला. यंत्राच्या खोलीबाहेर पाच हिरवी पिंपं, त्यातली दोन रिकामी झालेली. "बंद करा! ते बंद करा!" ते ओरडले. कामगाराने यंत्र थांबवलं. नरसिंहरावांनी कोपरापर्यंत हात घातला. शेंगांची सालं, उसाचा चोथा, चहाची पत्ती, ताक. तिसऱ्या पिंपात जांभळी सालं लागली. हिरवळीवर चहा घेत बसलेली वीस-पंचवीस माणसं उठून आली. संध्या पुढे धावली. "काका, अंगठी हरवली का?"

नरसिंहराव सरळ उभे राहिले. कुडत्याला चहाची पत्ती लागली होती.

"ते कोनफळ माझं नाही," ते म्हणाले. "माझे बाराही तुकडे कुजले. ते यल्लव्वाने लावलेलं आहे. लोहाचं मी सांगितलं ते खोटं. सगळं खोटं."

त्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. कुणीतरी छी म्हणेल. पण संध्या हसून म्हणाली, "अहो काका, एवढंच ना? कुणाचं का असेना! भजी मस्त होती." कुणी मान हलवली, कुणी घड्याळ पाहिलं, आणि सगळे परत चहाकडे गेले. चौतीस वर्षांच्या सहीची त्या हिरवळीवर कुणाला पडली नव्हती. नरसिंहराव पुन्हा पिंपात वाकले. तीन डोक्यांपैकी एक मिळालं. सुरीने अर्धवट चिरलेलं, चहाच्या पाण्यात भिजलेलं. दुसरी दोन्ही यंत्रात गेली होती.

यल्लव्वा नळावर झाऱ्या धूत होती. दोन्ही हातांत ते डोकं धरून नरसिंहराव तिच्यासमोर उभे राहिले.

"तुझ्या घरी दुसरं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"कुठलं, अण्णा. दरसाली एक वेल धरत हुते, दाराम्होरं पोत्यात. हुतं तेवढं हितं घातलं."

"आणि गावाकडे?"

"आई गेली. भावानं परसात खोल्या बांदल्या."

"मग कशाला घातलंस गं? सांगायचं होतंस की उगवलं नाही म्हणून!"

यल्लव्वाने त्यांच्या हातातून डोकं घेतलं, पदराने पुसलं. "तुमच्या डोळ्यांवर पट्टी हुती, अण्णा. न्हाई कसं म्हणू? म्हटलं आले, म्हणून मग लावलं." तिने हे काही ऐकवायचं म्हणून म्हटलं नव्हतं. पण ते ऐकवल्यापेक्षा जास्त लागलं. तिने खोटं बोलून स्वतःचं बियाणं मातीत घातलं होतं. यांचे डोळे आता चांगले होते, आणि यांनी खोटं बोलून ते खाल्लं होतं.

ती खाली बसली, चिरलेल्या अंगाला राख चोळली, फडक्यात गुंडाळलं.

त्यानंतर नरसिंहरावांच्या तोंडून सहीची ती गोष्ट कुणी ऐकली नाही. फेब्रुवारीत त्यांनी शहरातल्या मार्केटमधून जांभळं कोनफळ शोधून आणलं, चांगलं चार किलोंचं, आणि डोक्यासकट यल्लव्वाला दिलं. तिने ते ठेवून घेतलं. "हे बी चांगलं हाय," ती म्हणाली. "आईचं न्हवं, पण चांगलं हाय." दोन्ही तिने एप्रिलमध्ये लावली, मार्केटचं एका टोकाला, आईचं दुसऱ्या टोकाला. नरसिंहराव पट्टीकडे फिरकले नाहीत. गॅलरीतून भिंत दिसे, तर त्यांनी आपली खुर्चीही उलट फिरवून घेतली. शुभदाताईंनी ते पाहिलं आणि या वेळी टोमणा मारला नाही.

जूनच्या अखेरीला यल्लव्वा कढीलिंब द्यायला वर आली. त्यांनी विचारू नये असं ठरवलं होतं, तरी विचारलंच. "आले का गं कोंब?"

आलेत की, असं ती म्हणेल याचीच त्यांना भीती होती. यल्लव्वा म्हणाली, "मार्केटचं आलंय. आईचं न्हाई आलं, अण्णा."

"उशीर होत असेल."

"चला, बगू या."

तिने स्वतःहून उकरायला घेतलं, जे तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. वीतभर खाली फडक्याएवढी काळी, ओली माती लागली. तिने बोटांनी चाचपलं. डोकं हाताला लागलंच नाही, नुसता काळा लगदा आणि वास. पलीकडे मार्केटच्या कोनफळाचा वेल बांबूला लागला होता.

नरसिंहरावांना तिची क्षमा मागायची होती. शब्दही जुळवून ठेवले होते, पण तोंड उघडेना. त्यांची अवस्था बघून तीच घाईने म्हणाली, "असू दे की, अण्णा. भजी तरी चांगली झाली हुती."

आणि हात पुसून ती खड्डा बुजवायला लागली.